कंडिशनल नॉकआउट उंदीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून एमएस्सी, एमफार्म किंवा पीएचडी करणाऱ्यांच्या हाती बहुधा कुणी तरी आधीच बनवलेला कंडिशनल नॉकआउट उंदीर, म्हणजे एखादं जनुक ठरावीक ऊतीत किंवा ठरवलेल्या वेळीच काढलेला उंदीर, येतो आणि पुढचं सगळं त्यांनाच निस्तरावं लागतं. हे पान त्यांच्यासाठी. मराठी शब्द रुळलेला आहे तिथे तो घेतला आहे; प्रयोगशाळेत सगळे ‘प्रायमर’च म्हणतात, तिथे प्रायमरच ठेवला आहे.

साधा नॉकआउट असताना कंडिशनल कशाला?

साध्या नॉकआउटमध्ये जनुक पहिल्या पेशीपासूनच नसतं. उंदराच्या सुमारे एक चतुर्थांश जनुकांच्या बाबतीत दोन्ही प्रती काढल्या तर पिल्लू जन्मालाच येत नाही. प्रौढ यकृतात ते जनुक काय करतं, हे पाहायला मग उंदीरच उरत नाही. ब्रका-१, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेलं जनुक, हे ठळक उदाहरण. ते पूर्ण काढलं तर गर्भ पोटातच मरतो. १९९९ मध्ये ते फक्त स्तनग्रंथीत काढलं, तेव्हा उंदीर जगले आणि त्यांच्यात गाठी होताना दिसल्या.

उंदीर जगला तरी अडचण संपत नाही. जन्मापासून जनुक नसेल तर शरीर दुसऱ्या वाटेने भरपाई करून घेतं. शिवाय बिघाड मुळात मेंदूतला की स्वादुपिंडातला, हे वेगळं करता येत नाही. म्हणून जनुक एकाच ऊतीत, किंवा ठरवलेल्या वेळी काढायचं. क्लाउस रायेव्स्की यांच्या गटाने १९९४ मध्ये डीएनए पॉलिमरेज बीटा या जनुकाचा तुकडा फक्त टी पेशींत काढून दाखवला, तिथून ही पद्धत रूढ झाली.

क्री आणि लॉक्सपी नेमकं काय करतात?

क्री हे पी-१ या जीवाणुभक्षी विषाणूचं विकर. ते डीएनएवरची ३४ अक्षरांची लॉक्सपी ही खूण ओळखतं. दोन बाजूंना १३-१३ अक्षरं, ती एकमेकांची उलट प्रत, आणि मध्ये ८ अक्षरं. मधली ८ सममित नसल्यामुळे लॉक्सपीला दिशा मिळते, आणि सगळा खेळ त्या दिशेवर आहे. दोन लॉक्सपी एकाच दिशेने असतील तर मधला तुकडा कडी होऊन निघून जातो आणि जागेवर एक लॉक्सपी उरते. विरुद्ध दिशेने असतील तर तुकडा निघत नाही, जागच्या जागी उलटतो. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर गुणसूत्रांचीच अदलाबदल होऊ शकते. नकाशा कागदावर काढताना लॉक्सपीचे बाण काढायला विसरू नका.

दोन लॉक्सपींच्या मध्ये असलेल्या जनुकाला फ्लॉक्स म्हणतात. दोन्ही प्रती तशा असलेला उंदीर फ्लॉक्स-फ्लॉक्स, एकच प्रत तशी असलेला फ्लॉक्स-प्लस. क्री दुसऱ्या उंदरात असते, ठरावीक ऊतीतच चालू होणारी; दोघांचा संकर केला की पिल्लाच्या त्या ऊतीत जनुक जातं. लॉक्सपी इंट्रॉनमध्ये (अंतिम एमआरएनएतून वगळल्या जाणाऱ्या पट्ट्यांत) बसवलेल्या असल्याने क्री येईपर्यंत जनुक नेहमीसारखं चालायला हवं. ‘हवं’ म्हणायचं कारण, ते दर वेळी तसं चालतंच असं नाही. ते तपासावं लागतं.

कुठला एक्झॉन फ्लॉक्स करायचा?

एक्झॉन म्हणजे जनुकाचा अंतिम एमआरएनएत राहणारा तुकडा. पहिला नको. पुढे दुसरा सुरुवातीचा कोडॉन असेल तर पेशी तिथून वाचायला लागते आणि थोडं आखूड पण काम करणारं प्रथिन तयार होतं. अगदी शेवटचाही नको, कारण तोवर प्रथिनाचा बराच भाग तयार झालेला असतो. बहुतेकदा दुसरा ते चौथा एक्झॉन सोयीचा पडतो, तोही तीन अटींवर. जनुकाच्या सगळ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये (आरएनए प्रतींत) तो असला पाहिजे. त्याच्या लांबीला ३ ने पूर्ण भाग जाता कामा नये, म्हणजे तो गेल्यावर वाचनचौकट सरकते. आणि सरकल्यावर स्टॉप कोडॉन लवकर आला पाहिजे, शेवटच्या एक्झॉन-सांध्याच्या निदान ५०-५५ अक्षरं आधी. तसं झालं की पेशी तो एमआरएनए स्वतःच मोडून टाकते.

लॉक्सपी एक्झॉनच्या कडेला चिकटवू नका. कडेपासून शे-दोनशे अक्षरं तरी सोडा, नाहीतर स्प्लायसिंग (इंट्रॉन कापून एक्झॉन जोडणं) बिघडतं आणि क्री नसतानाच जनुक मंदावतं. उंदीर आणि माणूस दोघांत जसाच्या तसा राहिलेला इंट्रॉनचा पट्टाही टाळा. तिथे जनुकाचं नियंत्रण लपलेलं असू शकतं. दोन लॉक्सपींमधलं अंतर अर्धा ते तीन किलोबेस बरं. अंतर वाढेल तसं क्रीचं काम अपुरं पडत जातं.

फ्लॉक्स उंदीर बनवायचा की मागवायचा?

मागवा. नवीन बनवण्याआधी आंतरराष्ट्रीय साठ्यांत शोध घ्या, हजारो जनुकांसाठी ईएस पेशी (भ्रूणाच्या मूलपेशी) किंवा जिवंत वंश तयार आहेत. पण त्यातले बरेच ‘नॉकआउट-फर्स्ट’ स्वरूपात येतात. त्यांच्या नावात ‘टीएम१ए’ असतं आणि जनुकात लॅक-झेड व निओमायसिनची कॅसेट बसलेली असते. तसा उंदीर फ्लॉक्स नव्हे, जवळपास नॉकआउटच आहे. आधी फ्लिप विकर असलेल्या उंदराशी संकर करून कॅसेट काढायची, मग तो ‘टीएम१सी’ म्हणजे खरा फ्लॉक्स होतो. ही पायरी गाळून सरळ क्रीशी संकर केला की कंट्रोलही (तुलनेचे उंदीर) आजारी दिसतात आणि सहा महिने वाया जातात. ही चूक फार होते.

आणि क्रिस्पर?

भ्रूणाला एका टोचणीत दोन गाइड (कुठे कापायचं हे दाखवणारे आरएनए) आणि दोन छोटे लॉक्सपी-तुकडे देऊन दोन्ही जागी खुणा बसवायचा मार्ग कागदावर सोपा वाटतो, यश मात्र अगदी थोडं. अनेक प्रयोगशाळांनी एकत्र मोजलं तेव्हा ते एक टक्क्याच्याही खाली आलं. दोन्ही लॉक्सपी आणि मधला एक्झॉन एकाच लांब एकसरी डीएनएवर देणं त्यापेक्षा भरवशाचं.

जन्मलेल्या पहिल्या पिल्लावर विश्वास ठेवू नका. ते मोझेक असतं, शरीरात तीन-चार प्रकारच्या पेशी असतात. दोन्ही लॉक्सपी दिसल्या तरी एक आईच्या गुणसूत्रावर आणि दुसरी बापाच्या, असं असू शकतं. साध्या उंदराशी संकर करून पुढच्या पिढीत दोन्ही खुणा एकत्र उतरतात का ते पाहा, आणि पूर्ण पट्टा सिक्वेन्स करा. लॉक्सपीतलं एक अक्षर बदललं तरी क्री अडखळू शकतं.

क्री उंदीर कसा निवडायचा?

खरी मेहनत इथे आहे. क्रीच्या आधी तिला चालू करणाऱ्या जनुकाचं नाव असतं, पण त्या नावावर जाऊ नका. सीडी४-क्री नावावरून सीडी४ प्रकारच्या टी पेशींची वाटते, पण थायमसमध्ये टी पेशींच्या ज्या टप्प्यावर ती चालू होते तिथे सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असतात. म्हणून सीडी८ पेशींतूनही जनुक जातं. लायसोझाइम-क्री मॅक्रोफेजइतकीच न्यूट्रोफिलमध्ये चालते, आणि सगळ्या मॅक्रोफेजमध्ये चालत नाही. टाय२-क्री रक्तवाहिन्यांच्या अस्तराबरोबर रक्तपेशीही पकडते. जीफॅप-क्री ॲस्ट्रोसाइटसाठी घेतात, पण गर्भातल्या ज्या पेशींत ती चालू होते त्यांच्यापासून पुढे न्यूरॉनही होतात. इन्शुलिनच्या प्रमोटरवरची जुनी क्री मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्येही दिसते. म्हणजे मधुमेहाच्या अभ्यासात भूक कशामुळे बदलली, हा प्रश्न मोकळाच राहतो.

क्री स्वतःही निरुपद्रवी नाही. जिनोममध्ये लॉक्सपीसारख्या दिसणाऱ्या जागा असतात, क्री जास्त असेल तर तिथेही कापते. हृदयातली अल्फा-एमएचसी-क्री वय वाढेल तसा हृदयाचा स्नायू बिघडवते. त्यात फ्लॉक्स जनुक असो वा नसो. प्रसिद्ध नेस्टिन-क्रीचे उंदीर मुळातच लहान आणि हलके असतात. वजन हाच तुमचा निकष असेल तर ती क्री घेऊ नका.

निवड करताना रिपोर्टर उंदराशी संकर करून बघा. रोझा२६ जागेवर लॉक्सपींमध्ये स्टॉप-खूण आणि पुढे लाल चमकणाऱ्या टीडीटोमॅटो प्रथिनाचं जनुक असलेला उंदीर घेतला की क्री जिथे जिथे चालली तिथली पेशी लाल दिसते. मात्र रिपोर्टर लवकर कापला जातो. तो लाल झाला म्हणून तुमचं जनुकही गेलं, असं नाही.

क्री आईकडून यावी की बापाकडून?

काही क्री बीजपेशींत (शुक्रपेशी, अंडी) गळतात, म्हणजे नको असताना तिथेही चालू होतात. सिनॅप्सिन-क्री नराच्या वृषणात चालते, म्हणून ती मादीकडून द्यावी. टाय२-क्रीच्या बाबतीत उलट, ती नराकडून. चुकलं तर पिल्लाच्या सगळ्याच पेशींत एक प्रत गेलेली असते आणि तुमचा कंडिशनल उंदीर नकळत अर्धा साधा नॉकआउट होतो. आईच्या अंड्यातच क्री प्रथिन साठलेलं असेल तर क्री जनुक न मिळालेल्या पिल्लातही कापाकापी होते. तो उंदीर मग ‘कंट्रोल’ म्हणून गटात जातो, आणि ही चूक लवकर सापडत नाही.

किती पिढ्या, किती महिने, किती पिंजरे?

पहिला संकर: फ्लॉक्स-फ्लॉक्स आणि क्रीची एक प्रत असलेला उंदीर. निम्मी पिल्लं फ्लॉक्स-प्लस आणि क्रीवाली. दुसरा संकर: तीच पिल्लं मोठी करून परत फ्लॉक्स-फ्लॉक्सशी. आता चारातलं एक पिल्लू हवं ते, फ्लॉक्स-फ्लॉक्स आणि क्रीवालं.

गर्भकाळ १९ ते २१ दिवस, २१व्या दिवशी दूध तोडायचं, ६ ते ८ आठवड्यांत पैदाशीला तयार. सगळं सुरळीत झालं तर पहिल्या संकरापासून आठ आठवड्यांचे प्रयोगाचे उंदीर हाती यायला सुमारे पाच महिने. प्रत्यक्षात सात-आठ धरा, कारण प्रत्येक जोडी पहिल्या रात्री जमत नाही.

संख्या आधी काढा. समजा ८ नर नॉकआउट हवेत आणि एका वेतात ६ पिल्लं वाचतात. नर आणि हवा तो जीनोटाइप (जनुकांची जोडणी) मिळून आठात एक, म्हणजे वेताला पाऊण उंदीर. ११ वेतं लागली. नॉकआउट निरोगी आणि प्रजननक्षम असेल तर तिसऱ्या फेरीत त्यालाच पैदाशीला वापरा. मग निम्मी पिल्लं हवी ती मिळतात आणि काम ५-६ वेतांत उरकतं.

एक सापळा: तुमचं जनुक आणि क्री एकाच गुणसूत्रावर असतील तर हे हिशेब लागू पडत नाहीत. रोझा२६ सहाव्या गुणसूत्रावर आहे. जनुकही सहाव्यावर आणि जवळच असेल तर रोझा२६ वरच्या क्रीईआरऐवजी (टॅमॉक्सिफेन औषधाने चालू होणारी क्री) दुसरी क्री शोधा.

जीनोटायपिंगची सोपी कृती कोणती?

कानाचा २ मिमीचा तुकडा पीसीआर नळीत. त्यावर ७५ मायक्रोलिटर अल्कली द्रावण: २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ०.२ मिलिमोलर ईडीटीए. ९५ अंशांवर अर्धा ते एक तास. गार करून ४० मिलिमोलर ट्रिस-हायड्रोक्लोराइड (सामू ५ च्या आसपास) ७५ मायक्रोलिटर घाला. तुकडा न विरघळता तसाच दिसेल, काळजी नको. यातलं १-२ मायक्रोलिटर २० मायक्रोलिटरच्या पीसीआरला पुरतं. जास्त घातलं तर पीसीआर बसते. बँड आला नाही की नमुना वाढवायचा मोह होतो, तेव्हा उलट दहापट पातळ करून बघा.

फ्लॉक्सचा बँड साध्यापेक्षा लॉक्सपी आणि भोवतालच्या काही अक्षरांइतकाच मोठा असतो, म्हणून जेल अडीच ते तीन टक्के ॲगरोजचा हवा. एका टक्क्याच्या जेलवर दोन्ही बँड एकमेकांत मिसळतात. फ्लॉक्स-प्लस उंदरात कधी कधी वर तिसरा फिकट बँड येतो. तो नवीन ॲलील (जनुकाचं वेगळं रूप) नव्हे. दोन वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून हळू सरकतात, त्याचा आहे.

क्रीच्या पीसीआरमध्ये दुसऱ्या एखाद्या जनुकाचे कंट्रोल प्रायमर घातलेच पाहिजेत. क्री नाही आणि पीसीआर फसली, दोन्हींचं जेल सारखंच रिकामं दिसतं. पंच प्रत्येक उंदरानंतर पुसा. आणि तिसरा प्रायमर असा ठेवा की कापलं गेलेलं ॲलीलही दिसेल. ते कानाच्या तुकड्यात दिसलं तर बीजपेशीतली गळती असू शकते. क्री रक्तपेशींत चालणारी असेल, तर मात्र तुकड्यातल्या रक्तामुळेही तो बँड येतो.

टॅमॉक्सिफेन कसं द्यायचं?

क्रीईआरटी२ प्रकारात क्रीला इस्ट्रोजेन ग्राहकाचा बदललेला तुकडा जोडलेला असतो. एरवी ती केंद्रकाबाहेर थांबते, टॅमॉक्सिफेन मिळालं की आत जाते. इंजेक्शनला चालेल असं मक्याचं तेल घ्या, किराणा दुकानातलं नको. एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन, ३७ अंशांवर रात्रभर हलवत, नळी फॉइलमध्ये गुंडाळून. प्रकाशात ते बिघडतं. सकाळी कण दिसले तर वापरू नका, आणखी हलवा. मात्रा वजनाच्या किलोला ७५ मिलिग्रॅम, पोटात टोचून, रोज एकदा, पाच दिवस. २० ग्रॅमच्या उंदराला ती दीड मिलिग्रॅम, म्हणजे ७५ मायक्रोलिटर. शेवटच्या टोचणीनंतर किमान ७ दिवस थांबा.

थांबण्याचा काळ जनुकावर नव्हे, प्रथिनावर ठरतो. डीएनए दोन-तीन दिवसांत कापला जाईल, पण टिकाऊ प्रथिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. हाडं, चरबी किंवा प्रजनन यांचा अभ्यास असेल तर महिनाभर तरी सोडा, कारण टॅमॉक्सिफेन स्वतःच त्यांत ढवळाढवळ करतं. गाभण मादीला दिलं तर प्रसूती अडते.

हातमोजे घाला. गरोदर सहकाऱ्यांनी हे काम करू नये. टोचलेल्या उंदरांच्या भुशातूनही औषध पसरतं, म्हणून न टोचलेले उंदीर त्याच पिंजऱ्यात ठेवू नका.

कंट्रोल कुठले लागतात?

निदान दोन. त्याच वेतातला क्री नसलेला फ्लॉक्स-फ्लॉक्स, आणि फ्लॉक्स नसलेला क्रीवाला. पहिला सगळे ठेवतात, दुसरा पिंजरे वाचवायला गाळतात. वर सांगितलेला अल्फा-एमएचसीचा घोटाळा अशाच वेळी पेपरात जातो. टॅमॉक्सिफेन सगळ्यांना द्यायचं, कंट्रोलना नुसतं तेल नव्हे.

बाहेरून आणलेला ‘ब्लॅक-सिक्स’ (प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा वंश) उंदीर कंट्रोल होत नाही. ब्लॅक-सिक्सचेही दोन उपवंश आहेत. ‘जे’ उपवंशात एनएनटी जनुकाचा तुकडा नसतो, ‘एन’ उपवंशात सीआरबी१ मधला डोळ्याच्या पडद्याचा दोष असतो. चयापचयावर काम असो की दृष्टीवर, फ्लॉक्स एका उपवंशाचा आणि क्री दुसऱ्या उपवंशाची असेल तर फरक जनुकाचा की वंशाचा, हे सांगता येणार नाही.

जनुक खरंच गेलं हे कसं पडताळायचं?

तीन पातळ्यांवर. डीएनएवर, कापलेल्या ॲलीलची पीसीआर, त्याच ऊतीतून. एमआरएनएवर, क्यूपीसीआरचे प्रायमर काढलेल्या एक्झॉनच्या आत हवेत. बाहेर ठेवले तर उरलेला तुटका एमआरएनए मोजला जातो आणि ‘काहीच घटलं नाही’ असं दिसतं. प्रथिनावर, वेस्टर्न किंवा पेशी रंगवून. अँटिबॉडी प्रथिनाच्या कुठल्या टोकाला धरते ते माहीत करून घ्या.

यकृतात अल्ब्युमिन-क्री वापरली आणि डीएनएत ३५ टक्के जनुक शिल्लक दिसलं तर घाबरू नका. यकृतातल्या सुमारे ६० टक्केच पेशी हेपॅटोसाइट असतात, बाकीच्यांत ही क्री चालत नाही. शिवाय तिचं काम जन्मानंतर आठवड्यागणिक वाढत जातं, म्हणून यकृत सहा आठवड्यांच्या आधी तपासू नये. शंका राहिली तर पेशी वेगळ्या करून मोजा.

जनुक गेलं, पण उंदीर ठणठणीत आहे. प्रयोग फसला का?

आधी वरची पडताळणी झाली का पाहा. झाली असेल तर त्याच कुटुंबातलं भावंड जनुक भरपाई करतंय का, आणि काही मोजक्या न कापलेल्या पेशी वाढून जागा व्यापतायत का, हे तपासा. आतड्यासारख्या सतत नव्या होणाऱ्या ऊतीत दुसरी गोष्ट नेहमी घडते. मग ताण द्या: उपवास, संसर्ग, चरबीयुक्त खाद्य. पुष्कळ जनुकांचं काम सुखात दिसत नाही.

बेळगावच्या हवेत उंदीर सांभाळताना काय बघायचं?

खोली २२ अंशांच्या आसपास, आर्द्रता ३० ते ७० टक्के, १२ तास उजेड, १२ तास अंधार. इथल्या पावसाळ्यात आणि जांबोटी-खानापूर बाजूला तर जास्तच, आर्द्रता ७० च्या वर राहते. भुसा ओलसर पडतो, अमोनिया वाढतो, खाद्याला बुरशी धरते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाव घालतं, आणि तुम्ही यकृताचंच जनुक काढून बसलेले असता. म्हणून जून ते सप्टेंबर खाद्याच्या गोण्या जमिनीवर नकोत, भिंतीला टेकलेल्या नकोत, आणि थोड्याच मागवा. दळल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांपुढचं खाद्य टाकून द्या.

वीज जाऊन जनरेटरवर आली की काही ठिकाणी सगळे दिवे एकदम लागतात. रात्री दोनला दहा मिनिटांचा उजेडही पैदास बिघडवू शकतो. दिव्यांचा टायमर बॅटरीवर चालणारा घ्या.

आवाजाचं इथे विशेष सांगायला हवं. प्राणिगृह मिरवणुकीच्या रस्त्यालगत असेल तर विसर्जनाच्या रात्रीच्या ढोल-डॉल्बीने आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या गजराने नुकत्याच व्यालेल्या माद्या पिल्लं खातात. गर्भकाळ तीन आठवड्यांचा म्हणजे हिशेब सोपा आहे: अनंत चतुर्दशीच्या आधी तीन ते चार आठवडे जोड्या लावू नका.

पिंजऱ्याच्या कार्डावर जीनोटाइप रंगाने दाखवा. सांभाळणारा माणूस कन्नड वाचणारा असो की मराठी, लाल कार्ड दोघांना सारखंच कळतं.

परवानग्या कुठल्या?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० आणि त्याखालचे १९९८ चे नियम लागू होतात. संस्थेचं प्राणिगृह सीसीएसईएकडे (प्राणिप्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती, पूर्वीचं सीपीसीएसईए) नोंदलेलं हवं आणि प्रस्ताव ‘फॉर्म बी’मध्ये संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे द्यायचा. उंदीर जनुकबदल केलेले असल्यामुळे १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावं लागतं. काम कुठल्या जोखीम गटात मोडतं आणि प्रस्ताव पुढे पाठवायचा का, हे ती ठरवते. फॉर्ममध्ये फक्त ८ नॉकआउट अधिक ८ कंट्रोल लिहू नका. पैदाशीत जन्मणारे नको त्या जीनोटाइपचे उंदीरही मोजले जातात. वरच्या उदाहरणात ११ वेतं म्हणजे ६६ पिल्लं आणि त्यांचे आईबाप, तोच आकडा कारणासकट लिहा.

वंश पुणे किंवा बंगळुरूहून आणायचा तर?

पुणे साधारण ३४० किलोमीटर, बंगळुरू ५०० च्या आसपास. दोन्हीकडून एका रात्रीत गाडीने येतं. वातानुकूलित गाडी, रात्रीचा प्रवास, पाण्याच्या बाटलीऐवजी पाणी धरणारा जेल, कारण बाटली हादऱ्याने गळून भुसा ओला करते. पाठवणाऱ्याकडून अलीकडचा आरोग्य अहवाल आधी मागवा. आल्यावर वेगळ्या खोलीत ठेवा, तपासणीचा निकाल येईपर्यंत मुख्य खोलीत नको. आल्या दिवशीच जोडी लावू नका, आठवडाभर स्थिरावू द्या. आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक उंदराचं जीनोटायपिंग स्वतः परत करा, सोबतच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो.